हे कोपर आमच्या लेकीचं

मित्रांनो, मी एक जुनी बॅडमिंटन रॅकेट आहे. माझ्या चौकटीला चीर गेली आहे, तारा सैल पडल्या आहेत आणि स्वभाव तर पहिल्यापासूनच तिरका आहे. तेव्हा गोड गोड ऐकायला मिळेल, अशी आशा धरून बसू नका.

कार्बनच्या पातळ चादरी गुंडाळून, साच्यात घालून, भट्टीत भाजून मला बनवलं. तिथून मी एका दुहेरी खेळणाऱ्या बाईच्या हातात आले. सगळा संघ तिला ताई म्हणायचा. खेळ हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. एकेरीवाले तिला विचारायचे, "तुला अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं ना?" एकेरीवाल्यांची अक्कल तेवढीच. त्यांना वाटतं, जोडीदार म्हणजे सुट्टी.

ताई जाळीजवळ उभी राहायची. आम्ही शटल असं अलगद पलीकडे टाकायचो, की समोरच्यांना ते उंच उचलण्यावाचून गत्यंतर नसायचं. मग मागून तिची जोडीदार उडी मारून ते दणक्यात खाली हाणायची. तिला सगळे तोफ म्हणत. ताट वाढायची ताई आणि ढेकर द्यायची तोफ. टाळ्याही ढेकरालाच.

वर्तमानपत्रात फोटो यायचा तोही तोफेचाच, हवेतला. एकदा कडेला ताईचं कोपर आलं. तिच्या आईनं तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला आणि आल्यागेल्याला दाखवू लागली, "हे कोपर आमच्या लेकीचं."

"आई, पुरे गं. हसतात लोक."

"हसू देत. त्यांचं कुठं काय छापून आलंय?"

दुहेरीत एक शब्द फार मोलाचा असतो. शटल दोघींच्या मधोमध आलं, की जिला घ्यायचं ती ओरडते, "माझं!" दुसरीनं लगेच हात आवरायचा, नाहीतर रॅकेटी एकमेकींवर आदळतात. तोफेला हा शब्द भारी प्रिय. आवाक्यातलं तिचं, आवाक्याबाहेरचंही तिचंच. "माझं!" म्हणून ओरडायची आणि पाय मात्र जागच्या जागी. ताई शिस्तीची, ती हात आवरायची. शटल मध्येच टप्पकन पडायचं. मग तोफ कमरेवर हात ठेवून, गॅलरीतल्या शेवटच्या माणसालाही दिसेल अशा बेतानं, ताईकडे बघायची. मला त्या बघण्याची शिसारी यायची.

मग राष्ट्रीय संघाच्या निवडीचा सामना आला. एकच जोडी जाणार होती. ताईचे गुडघे कुरकुरू लागले होते. ही संधी हुकली, की पुढची नव्हती.

शेवटचा गुण. दोघी शेजारी शेजारी, शटल मधोमध. "माझं!" तोफ गरजली आणि नेहमीप्रमाणे हलली नाही. या वेळी ताईनं हात आवरला नाही. ती खाली वाकली आणि जमिनीला टेकता टेकता आम्ही ते उचललं. तेवढ्यात तोफेला जाग आली. तिची रॅकेट खाडकन माझ्यावर आदळली. मी चिरले. पण शटल पलीकडे रिकाम्या जागेत पडलं. सामना आम्ही जिंकला.

जिंकूनही तोफेनं स्वतःची रॅकेट जमिनीवर आपटली. "मी ओरडले होते ना! हिच्याबरोबर मी नाही खेळणार."

प्रशिक्षकांनी ताईला बाजूला घेतलं. सर भले गृहस्थ होते. म्हणजे जो मोठ्यानं बोलेल, त्याला मान डोलवायचे.

"ताई, तू मोठी आहेस. माफी मागून टाक, विषय संपेल. तिच्याशिवाय जोडी नाही आणि जोडीशिवाय संघात तू नाहीस."

"कशाची माफी, सर? शटल पडू दिलं नाही याची?"

"शिस्त मोडल्याची गं."

"बरं. आणि पुढच्या वेळी पडताना दिसलं तर?"

"तिनं म्हटलं असेल, तर सोडायचं."

ताईनं मला पिशवीत घातलं, चेन ओढली. "मग तुम्ही तिला एकेरीत उतरवा," ती म्हणाली. "तिथं सगळं तिचंच असतं."

तोफ दुसरी जोडीदार घेऊन संघात गेली. ताई आता लहानसहान स्पर्धा खेळते, एका डावखुऱ्या मुलीबरोबर. फोटो येत नाहीत. कोपराचेसुद्धा नाहीत. पण परवा दोघी हरून आल्या आणि जिन्यापासून खिदळत आल्या, तेव्हा मला जरा हेवाच वाटला. चिरलेल्या चौकटीला नव्या तारांचा ताण सोसत नाही, म्हणून मी खिळ्यावर.

माझी कीव करू नका, मित्रांनो. एवढंच ऐका. तुमच्या हातात माझ्यासारखी कुणी आली, तर तिला कोरड्या फडक्यानं पुसा, उन्हातल्या गाडीत कोंडू नका. आणि चिडलात, तर घरी जाऊन उशीवर डोकं आपटा. रॅकेट आपटू नका. तिनं तुमचं काय घोडं मारलंय?