दोन भाऊ, एक थ्रेसर

कापलेल्या सोयाबीनची सुडी आठ दिवसांपासून ताडपत्रीखाली, अन् आभाळ भरून आलेलं. ट्रॅक्टर माहा, थ्रेसर माह्या लहान भावाचा, भागवतचा. वाटणीत तसंच आलं. दरसाल दोन्ही जोडून मळणी करतो, दोघांचंबी निघते. पन यंदा पोळ्याले, मान थोरल्याचा असून, भागवतनं आपली बैलजोडी माह्या आधी तोरणाखालून नेली, तवापासून बोलणं बंद. आता थ्रेसर मी मांगू? मेलो तरी नाही!

पोरगी संस्कृती वाशिमले कम्प्युटर शिकते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात दोनदा गचकली, म्हनून सुट्टीतबी घरी रोज गणितं सोडवते. सकाळी तिची वही पाह्यली त माहंच नाव! 'इंद्रभान: हातात ट्रॅक्टर, पाहिजे थ्रेसर. भागवत: हातात थ्रेसर, पाहिजे ट्रॅक्टर. सोडत कोणीच नाही.'

"हे काय वं?"

"डेडलॉक, बाबा. कम्प्युटरात दोन कामं अशीच अडून बसतात."

"मंग?"

"एकाले माराचं."

"बापाले?"

"मारणं म्हंजे हातातलं सोडून पयल्यापासून सुरू करणं. ज्याचं काम कमी झालं त्याले मारतात. तुमचं त काहीच झालं नाही."

दुपारपर्यंत धुसफुसलो. मंग आभाळ गडगडलं, अन् मुकाट्यानं ट्रॅक्टर काढला. भागवतच्या खळ्यावर कोणीच नव्हतं. ट्रॅक्टर उभा केला, चाबी तशीच लावून पायी पायी परत आलो.

पाह्यतो त काय, माह्या खळ्यात थ्रेसर! भागवत आडवाटेनं बैलं जुतून आणून टाकून गेलाबी.

संस्कृतीनं कपाळाले हात लावला. "काकालेबी मी हेच सांगतलं होतं. दोघांनी संगंच सोडलं! आता झाला लाइव्हलॉक. दोघंबी हलतात, काम तसंच अडलेलं."

"नाव नको सांगू, उपाय सांग!"

"एकानं जागचं हलू नाही. काकाले फोन करून थांबवते, तुमी जा."

पुन्हा पायपीट. भागवत ट्रॅक्टरच्या चाकाले टेकून बसला होता. मले पाहून उठला अन् खाली पाहत म्हनला, "दादा, आधी तुमचं काढू."

मले रडूच आलं. पन म्हटलं, "चूप! तुहं आधी."

"नाही, तुमचं."

"तुहं म्हटलं ना बे!"

थेंब पडाले लागले तरी आमचं सुरूच. खिशातला फोन वाजून राह्यला होता, पोरगीच करत होती. शेवटी मोठेपणा गाजवलाच मी, ट्रॅक्टर नेऊन माह्या खळ्यातून थ्रेसर ओढून आणला अन् त्याचं आधी काढलं. माह्या सुडीचा खालचा थर भिजला. भिजू दे.