मुकादमाची नोकरी

कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही आलं. यंत्रं भंगारवाल्याकडे गेली, जागा बिल्डरकडे, पैसे मालकाच्या मुलाकडे, आणि आमच्या यांच्या वाट्याला आला कुत्रा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय. हे संध्याकाळी दारात उभे राहिले तेव्हा शेजारी तो उभा. माझ्या कंबरेइतका उंच, डोकं घमेल्याएवढं. आत घेतील की नाही, अशी शंका दोघांच्याही चेहऱ्यावर.

"याला कोणी घेतलं नाही," हे म्हणाले.

"तुम्हाला तरी कोणी घेतलं?" मी विचारलं, आणि मग दोघांनाही आत घेतलं.

त्याचं नाव मुकादम. काचेच्या बरण्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात हे रखवालदार होते आणि तो यांच्या हाताखालीच वाढला. नाव कामगारांनी ठेवलेलं. जेवणाची सुट्टी संपली की तो भिंतीला टेकून बसलेल्या माणसांसमोर जाऊन उभा राहायचा आणि माणसं मुकाट्यानं उठायची. सुट्टी झाली की फाटकाशी बसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी हुंगायचा, हे शेजारी उभे राहून ती तपासायचे. आणि एकदा फाटक लागलं की दोघांची फेरी. हे कुलूप ओढून बघायचे, तो कुलपाला नाक लावायचा. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. यांचं बघून बघून त्यानं आपली पद्धत काढली होती.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि तिच्या पोटात स्वयंपाकघर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं. तो वळला की स्टूल आडवं व्हायचं, तो बसला की मोरीकडे जायचा रस्ता बंद. मी इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभं राहून घरी आलं की पाय पसरायला जागा लागते, आणि त्या जागेत आता मुकादम पसरलेला. पण खरं सांगते, तो कसला म्हणून त्रास द्यायचा नाही. भुंकायचा नाही, मागायचा नाही, काही कुरतडायचा नाही. खिडकीखाली पडून पुढचा पाय चाटत राहायचा. चाटून चाटून तिथले केस गेले, मग कातडी लाल झाली. जेवण अर्ध्यावर आलं. हेही तसेच, पलंगावर भिंतीकडे तोंड करून. सकाळी मी निघताना दोघं जसे असायचे तसेच संध्याकाळी सापडायचे.

आमची मुलगी सासरी, दुसऱ्या शहरात. तिनं मोबाईलवर वाचून फोनवर सांगितलं, मोठ्या कुत्र्याला शहरात खूश ठेवायचं तर त्याला खेळवावं, फिरवावं, चार माणसांत न्यावं. मी चेंडू आणला. मुकादमानं तो कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याच्यावर पहारा देत बसला. मग आम्ही त्याला बागेत नेलं. तिथं बाकीची कुत्री हुंदडत होती. हा फाटकात जाऊन बसला आणि बाहेर पडणाऱ्या एका बाईंची पिशवी हुंगून होईपर्यंत त्यांना जाऊ देईना. लोक आधी हसले, मग हसेनासे झाले. आम्ही घरी आलो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पायाला मलम दिलं. "आजार काही नाही याला," त्या म्हणाल्या. "हा रिकामा आहे, म्हणून स्वतःला खातोय. याला काहीतरी काम द्या."

मी यांच्याकडे बघितलं. हे फरशीकडे बघत होते.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं यांनी काम शोधून काढलं. इमारतीची राखण. कोणी सांगितली नव्हती, कोणी पगार देणार नव्हतं. दिवेलागणीला हे टॉर्च घेऊन निघायचे, मुकादम पुढे. गच्चीच्या दारापासून तळातल्या मीटरच्या खोलीपर्यंत प्रत्येक कडी, प्रत्येक कुलूप. पहिल्याच दिवशी परत आल्यावर मुकादमानं थाळी चाटूनपुसून साफ केली. चार दिवसांत पाय चाटायचा थांबला. जिथं कातडी उघडी पडली होती तिथं बारीक लव उगवली.

आणि हे दाढी करायला लागले. ट्रंकेतला खाकी शर्ट काढला. कॉलर उसवली होती ती मी शिवून दिली, आणि इस्त्री तर काय, माझं कामच. "कुणाकडे चाललात इतके नटून," असं मी चिडवलं तर चक्क लाजले. मला आवडलं होतं सगळं, खोटं कशाला बोलू. जिन्यात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, तुमच्या यांच्यामुळे निर्धास्त वाटतं हो. मी मान ताठ करून चालायचे. माझा नवरा आणि त्याचा कुत्रा दोघंही पुन्हा जेवत होते, याहून मला काय हवं होतं?

घरमालकीण तळमजल्यावर राहते. तिचे जावई राहायला आले होते, आणि एका संध्याकाळी ते परत जायला निघाले. हातात मोठी बॅग. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी निरोप घेऊन ते जिना उतरत होते आणि हे तेव्हा गच्चीवर टाकीचं झाकण बघत होते. मुकादम जिन्यात एकटा. त्याच्या हिशेबात, सुट्टी झाल्यावर बॅग घेऊन निघालेला माणूस न तपासता सोडायचा नसतो. त्यानं जावयांना दुसऱ्या मजल्यावर भिंतीशी उभं केलं. चावला नाही, पंजासुद्धा उगारला नाही. नुसता समोर उभा, आणि त्यांनी पाय उचलला की घशातल्या घशात गुरगुर. जावई ओरडायला लागले. दारं उघडली. मीही लाटणं हातात घेऊन खाली धावले.

हे वरून उतरले. एवढं फक्त करायचं होतं की कुत्र्याचा पट्टा धरायचा आणि माफी मागायची. कोणीही तेच केलं असतं. यांनी जावयांना खालपासून वरपर्यंत बघितलं, टॉर्चचा झोत बॅगेवर धरला, आणि अगदी शांतपणे, सरकारी आवाजात म्हणाले, "बॅग उघडून दाखवा."

आयुष्यभर हेच म्हणत आले होते. तोंडाची सवय. पण जावई इतके घाबरलेले की त्यांनी बॅग उघडली. सगळ्या इमारतीसमोर, पायरीवर, त्यांचे आतले कपडे, चपला, दाढीचं सामान. यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, जा." मुकादम लगेच बाजूला झाला.

घरमालकिणीनं आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. ती दुसऱ्या दिवशी वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत कुत्रा गेला पाहिजे. नाहीतर तुम्ही तिघंही."

ती गेल्यावर हे म्हणाले, "त्यानं त्याचं काम चोख केलं."

"आणि तुम्ही?"

"मीही."

मी कणिक तिंबत राहिले.

फेरी बंद झाली. मुकादम दाराशी बसून दिवेलागणीची वाट बघायचा. दार उघडत नाही म्हटल्यावर तो पुन्हा खिडकीखाली गेला. या वेळी त्यानं पायाला असं धरलं की आतलं मांस दिसायला लागलं. खाणं संपलंच. हे अंड्यात कालवलेल्या भाताचे घास करून त्याच्या तोंडाशी धरायचे आणि तो उपकार म्हणून एखादा घ्यायचा. यांनी खाकी शर्ट खुंटीला लावला तो लावलाच.

कुत्र्यांना आसरा देणारी एक संस्था होती, तिथं फोन केला. तिथली मुलगी बोलायला गोड होती. म्हणाली, जागा नाही, तरी थोडे दिवस ठेवून घेऊ. कोणी नेलं नाही तर इंजेक्शन. एवढा मोठा, एवढ्या वयाचा कुत्रा सहसा कोणी नेत नाही, तेवढी मनाची तयारी ठेवा. मी यांना सांगितलं तर म्हणाले, "आपण खोली सोडू."

"सोडून कुठं जाऊ? माझ्या एकटीच्या पगारात दुसरी खोली राहू द्या, दुसऱ्याच्या जिन्यातली पायरीसुद्धा मिळायची नाही."

"तू इथं राहा. मी आणि तो बघू कुठंतरी."

त्यांनी हे अगदी सरळपणे म्हटलं. ते खरंच गेले असते.

म्हणून मी लाँड्रीत भेटेल त्याला विचारत सुटले. आमच्याकडे चादरींची गाठोडी आणणारा टेम्पोवाला म्हणाला, शहराबाहेर जुन्या टायरांचं गोडाऊन आहे. चोऱ्या होतात. मालक मोठा कुत्रा शोधतोय. "फक्त कुत्रा, मावशी," तो म्हणाला, "माणूस नकोय त्यांना." मी हो म्हणून टाकलं. घरी येऊन यांना सांगितलं की मुकादमासाठी काम आहे. फक्त कुत्रा, हे सांगितलं नाही. मनात म्हटलं, मालक यांना एकदा बघेल, यांचं बोलणं ऐकेल, तर त्याचं मन वळेल. एवढी मोठी जागा, तिथं एक म्हातारा जड होणार आहे का?

जायच्या दिवशी हे पहाटेच उठले. दाढी केली. खाकी शर्ट मागितला, टॉर्चमध्ये नवे सेल घातले. "कुत्रा एकट्यानं काम करत नाही," टेम्पोत गाठोड्यांवर बसल्या बसल्या मला समजावत होते, "त्याला सोबत जाणता माणूस लागतो. मालकाला सांगावं लागेल." मुकादम दोघांच्या मध्ये पडला होता, पायाला माझं जुनं फडकं बांधलेलं. मी हूं हूं करत राहिले.

गोडाऊनचा मालक तरुण होता आणि भला होता. यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. यांनी आल्या आल्या आवार न्याहाळलं होतं, त्याला सगळं सांगितलं, फेरी कशी घ्यायची, कुठं अंधार राहतो, मागच्या भिंतीला दोन विटा निघाल्यात तिथून माणूस येऊ शकतो. तो मान डोलवत ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता या वयात? कॅमेरे आहेत." त्यानं मोबाईल पुढे केला. त्यात सगळं आवार दिसत होतं, त्यात आम्हीही दिसत होतो, खुर्चीवर बसलेले, अगदी लहान. "कॅमेऱ्याला कोणी भीत नाही, तेवढाच प्रश्न होता. तो आता सुटला."

हे मोबाईलकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेव्हाच त्यांना कळलं की मला माहीत होतं.

पट्टा यांनीच सोडला. मुकादम थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग भिंतीकडे गेला, नाक खाली घातलं आणि लंगडत लंगडत निघाला. टायरांच्या रांगांमागे दिसेनासा झाला, दुसऱ्या टोकानं बाहेर आला. शटरच्या कुलपाला नाक लावलं. मागच्या भिंतीशी, त्या निघालेल्या विटांपाशी, बराच वेळ थांबला. शेपूट वर होती. परत येऊन त्यानं मालकानं ठेवलेली थाळी बघितली आणि खाली मान घालून सगळं संपवलं. इतक्या दिवसांनी तो पोटभर जेवत होता आणि माझे डोळे भरून आले.

"जेवला," हे मला म्हणाले. जणू मी बघत नव्हते.

निघताना फाटक लागलं. यांनी गजांतून हात आत घातला. मुकादम आला, हात हुंगला, आणि पुढच्या फेरीला निघून गेला. यांनी हाक मारली नाही. त्याचं काम चालू होतं.

परतताना बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. थोडं अंतर गेल्यावर यांनी खाकी शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. आत बनियन. समोरची माणसं बघायला लागली.

"अहो, घरी गेल्यावर काढा," मी हळूच म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. शर्ट काढला, गुडघ्यावर ठेवून बाह्या आत दुमडून नीट घडी घातली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

"त्याची सोय छान लावलीस," ते म्हणाले. "आता माझी कुठं लावतेस?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत बसले होते.