न चावलेला बूट

साठीनंतर नातीनं मला अक्षरं शिकवली. काल तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं, की चेतापेशींचे तंतू कातडीपर्यंत येतात आणि टोचल्याची खबर मेंदूला पोचवतात. रक्तात साखर फार दिवस वाढलेली राहिली तर ते निकामी होतात. पुढचं मला वाचवेना.

मी चाळीस वर्षं जोडे शिवले. गिऱ्हाईक चार पावलं चालायचं, मी विचारायचो, "चावतो का?" नाही म्हटलं की जोडा बरोबर. बायकोला साखरेचा आजार. तिच्यासाठी बूट शिवला तेव्हाही तेच विचारलं. "मुळीच नाही," ती म्हणाली. मी फुशारलो, आत हात घालून पाहिलंच नाही. एका खिळ्याचं टोक वर आलं होतं. पाय चिघळला, शेवटी कापावा लागला. "आधी बोलली का नाहीस?" असं मी तिला सहा वर्षं ऐकवत आलो.

आज तो धडा तिला वाचून दाखवला. "तुला कळणारच नव्हतं गं. चूक माझी."

"अहो, तेव्हा दोघांनाही कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "पण बोलणी मात्र मी एकटीनंच खाल्ली."