वाळूचं सोपं असतं

"डोळे मिटा. आणि फटीतून बघायचं नाही."

त्याने डोळे मिटले. बायकोने पहिली वाटी पुढे सरकवली. त्याने चिमूट उचलली, अंगठा आणि बोटामध्ये चोळली, चेहऱ्यावर एकतीस वर्षांच्या नोकरीचं गांभीर्य आणलं आणि सांगितलं, "मीठ."

"पीठ."

"बारीक मीठ म्हणणार होतो."

"दुसरी घ्या."

दुसऱ्या वाटीतली चिमूट त्याने हळूच कानाशी नेली. करकर ऐकू आली. "साखर!"

"कानाने नाही. बोटांनी ओळखायचं ठरलंय."

"पण बरोबर आली ना?"

तिसरी वाटी आली. त्याने चिमूट घेतली, भरपूर वेळ चोळली, तळहातावर पसरली, पुन्हा चोळली. "मैदा," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "जुना आहे."

त्याने डोळे उघडले. वाटी रिकामी होती.

बायको हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती वाट्या उचलून मोरीकडे गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "आज सांगा त्या मॅडमना."

"आज शेवटचा खड्डा आहे. अहवाल जाऊ दे, मग सांगतो."

"पाच महिने मी हेच ऐकतेय."

"अगं, वाळूचं सोपं असतं. वाळूला बोटं लागतच नाहीत."

"मग तुम्ही तरी कशाला लागता?"

तो चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

मृदा सर्वेक्षण खात्यात त्याला सगळे चिमूट म्हणत. साहेब दर तीन वर्षांनी बदलत, चिमूट तिथेच. खड्डा खणायचा, प्रत्येक थरातली माती ओली करून बोटांत चोळायची आणि तिचा पोत सांगायचा, हे त्याचं काम. गोळा होतो का, गोळ्याची पट्टी निघते का, पट्टी किती लांब जाऊन तुटते, यावरून तो वाळू, पोयटा, चिकण असं सांगे आणि साहेब लिहून घेत. प्रयोगशाळेचा निकाल महिन्याने यायचा आणि चिमूटशी जुळायचा. एकदा जुळला नव्हता, तेव्हा साहेबांनी प्रयोगशाळेला पुन्हा करायला सांगितलं होतं.

पाच महिन्यांपूर्वी त्याने चहाचं उकळतं पातेलं हातानेच खाली उतरवलं. भाजल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं की वास आपलाच आहे. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या नसा गेल्या, आता फार परत येणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्याने किनाऱ्यावरच्या कामावर पाठवा असा अर्ज केला. कारण लिहिलं, समुद्राची हवा मानवते. खरं तर भरलेली बादली हलली तरी त्याला मळमळायचं. पण किनाऱ्यावर सगळीकडे वाळू होती, आणि वाळू डोळ्यांनी कळते, कानाशी चोळली की ऐकू येते.

मॅडम नव्या होत्या, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याला माती कानाशी धरताना बघून त्या थक्क झाल्या. "काका, हे पुस्तकात नाही!"

"पुस्तकाला कान नसतात, मॅडम," चिमूट म्हणाला. आपण हे का बोललो ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मॅडमनी मात्र ते वहीत उतरवून घेतलं.

त्या किनाऱ्यावर जमीन पायऱ्यापायऱ्यांनी वर गेली होती. प्रत्येक पायरी कधीकाळी समुद्राचा तळ होती. सगळ्यात खालच्या पायरीवरची वस्ती समुद्र आता परत मागत होता. मागच्या वर्षी शाळेची भिंत गेली, यंदा शाळा. चाळीस घरं तिसऱ्या पायरीवरच्या रानात हलवायची ठरलं होतं. तिथे गटार नव्हतं, म्हणून सांडपाणी जमिनीतच मुरायला हवं होतं. ते मुरेल की नाही, हे सात खड्डे सांगणार होते.

सहा खड्डे एकाच आईची लेकरं असल्यासारखे निघाले. वर कुजक्या पानांचा काळा थर, त्याखाली राखाडी वाळू, कारण पावसाने तिच्यातलं सगळं सत्त्व धुऊन खाली नेलेलं. त्याखाली, ते सत्त्व जिथे जाऊन बसलं तो गंजाच्या रंगाचा थर. आणि मग पिवळी वाळू, खोल, न संपणारी. पाणी ओतलं की दिसेनासं व्हायचं. झाडांना खायला फारसं नाही, पण पाय ओले राहायचे नाहीत, अशी ती गरीब आणि स्वच्छ जमीन.

दुपारपर्यंत सातवाही छातीइतका खोल झाला. मॅडम काठावर फॉर्म घेऊन बसल्या. चिमूट आत उभा राहून थर सांगत गेला.

"त्याच्याखाली?"

त्याने पिवळी चिमूट घेतली, ओली केली, चोळली. बोटांत काहीच नव्हतं. सकाळच्या वाटीत होतं तेवढंच. कानाशी नेली, थोडी करकर आली. "वाळू. तळापर्यंत."

"निचरा?"

"चांगला."

मॅडमनी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "संपलं, काका! पाणी या खड्ड्यात नको ना आता? ठरल्याप्रमाणे तिसऱ्या आणि सहाव्यात ओतलंय."

"नको."

त्याचा जीव भांड्यात पडला. फावडं वर ठेवून बाहेर चढण्यासाठी त्याने भिंतीला हात टेकला, आणि समोर मुळं दिसली.

सहाही खड्ड्यांत मुळं सरळ खाली गेली होती. इथे ती कमरेच्या उंचीवर आली होती आणि तिथून आडवी वळली होती. एक नाही, दोन नाही, सगळी; बंद दारावरून परत फिरलेल्या पाहुण्यांसारखी. त्यांच्याखाली चार बोटं जाडीचा पट्टा होता, वाळूच्याच रंगाचा, वाळूसारखाच दिसणारा. मुळं मात्र रंगाला फसली नव्हती.

मॅडम वर पिशव्या आवरत होत्या. काही बोललं नाही तर कोणाला कळणार नव्हतं. पहिल्या मोठ्या पावसात चाळीस घरांचं घाण पाणी त्या पट्ट्यावर साचेल आणि अंगणात वर येईल, तेव्हा तो निवृत्त होऊन घरी रिकाम्या वाट्या ओळखत बसलेला असेल.

"मॅडम, खाली उतरता का जरा?"

"काय झालं?"

"उतरा. इथली माती घ्या. ओली करा. चोळा."

मॅडमनी गोळा केला. गोळा झाला. अंगठ्याने दाबून पट्टी काढली. पट्टी बोटाच्या पेरापलीकडे गेली, वाकली, लोंबली, तुटेना. मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या.

"काका, ही तर चिकण आहे."

"असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही आत्ता वाळू म्हणालात!"

"मला कळत नाही, मॅडम. बोटं गेलीत."

मॅडमनी पटकन त्याच्या हातांकडे बघितलं. दहाही जागेवर होती.

"आतून गेलीत," तो म्हणाला. "पाच महिने झाले."

"पाच महिने?" त्यांचा आवाज चढला. "पाच महिन्यांत शंभरावर खड्डे झालेत आपले!"

"बहुतेक वाळूचेच होते. वाळू मला दिसते."

"बहुतेक लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते, काका!" त्या खड्ड्यातच मटकन बसल्या. मग काहीतरी आठवून त्यांनी मान वर केली. "आणि ते कानाचं?"

चिमूट हातांवरची वाळू झटकायला लागला.

"मी मुख्यालयात व्याख्यान दिलंय त्यावर. साठ लोक होते. संचालकांनी स्वतः माती कानाला लावली."

"त्यांना काय ऐकू आलं?"

"ते म्हणाले, पोयटा."

दोघांनाही हसू यायला हवं होतं. चिमूटला जवळजवळ आलंही. पण मॅडमचे डोळे भरले होते, आणि ते संचालकांमुळे नव्हते. "आधी सांगितलं असतं तर मी चोळली असती ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवलं असतं मला. मी नुसती लिहीत बसले."

"सांगितलं असतं तर इथे कोणी आणलं असतं मला?"

त्यांनी फॉर्म गुडघ्यावर घेऊन 'वाळू' खोडलं, 'चांगला' खोडलं. "किती जाडीचा धरू?"

"टेपने मोजा. माझी चार बोटं धरू नका."

त्यांनी टेपने मोजलं, लिहिलं, आणि उभ्या राहिल्या. "इथे घरं नाही होणार. अजून खड्डे घ्यावे लागतील, मागचेही तपासावे लागतील. आणि काका, उद्यापासून तुम्ही..."

"ऑफिसात येतो."

"हो."

"साडेदहाला?"

"दहाला." त्या वर चढल्या. "मी गाडीतून फोन करून येते. खड्डा राहू दे, उद्या माणसं बुजवतील."

माणसं खड्डे कसे बुजवतात ते त्याला माहीत होतं. सगळं एकत्र ढकलतात, वरचं खाली, खालचं वर, आणि पायांनी दाबून मोकळे होतात. तो वर आला. खणताना त्याने थर वेगवेगळ्या ढिगांत टाकले होते. त्याने फावडं उचललं. आधी तळाची पिवळी वाळू. मग चिकण मातीची ढेकळं, एकेक, आडव्या मुळांच्या खाली, जिथली तिथे. वर पुन्हा पिवळी. मग गंजाच्या रंगाची, मग राखाडी, मग काळी. शेवटी झाडांखालची वाळकी पानं दोन्ही हातांनी कवेत आणून पसरली. हात भरले आहेत हे त्याला वजनावरून कळत होतं.

मॅडम परत आल्या तेव्हा रानात नुसती पानं होती. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"काका, खड्डा कुठंय?"

"जपून," तो म्हणाला. "त्याच्यावरच उभ्या आहात."

मॅडम एक पाऊल बाजूला झाल्या.