कुंकू लावलेलं ॲप

"शून्य," शेखर सरांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "जानेफळच्या एकाही बाईनं तुझं ॲप फोनवर बसवलेलं नाही, मयुरी. सोमवारपासून बंद."

आमचं ॲप म्हणजे भाजीचे रोजचे भाव दाखवणारं वेब पान. ते ब्राउझरमध्ये उघडतं, नाहीतर होम स्क्रीनवर बसवलं की स्वतंत्र, पूर्ण पडद्यावर. कसं उघडलंय ते भाव मागणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत सर्व्हरला कळवणारा कोड मीच लिहिलेला. माझ्याच कोडनं माझं नाक कापलं होतं. ॲप बंद झालं तर बायांनी पुन्हा अडत्या सांगेल तो भाव मुकाट घ्यायचा! मला राग आवरेना. शनिवारी नांदुऱ्याहून बस बदलत जानेफळ गाठलं.

मी ज्यांना ॲप दाखवलं होतं त्या गोजरबाई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"काकू, तुम्ही ॲप बसवलंच नाही? आमचे साहेब म्हणतात, गावात एकीनंही नाही."

"काऊन नाही बसवणार वं?" त्यांनी पदराला हात पुसून फोन पुढे केला. पहिल्याच ओळीत आमचं चिन्ह, आणि काचेवर कुंकवाची लाली. "नवी वस्तू घरात आली का कुकू लावाच लागते. आमी बारा जणीनं एकाच दिशी लावलं."

मी चिन्हावर बोट ठेवलं. ॲप पूर्ण पडद्यावर उघडलं, वर पत्त्याची पट्टीसुद्धा नव्हती. मग शून्य कसं?

बांधावर बसून लॅपटॉपवर कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. विनंत्या पाठवत होता पडद्यामागे चालणारा भाग. त्याला स्क्रीनच नसते, तो काय सांगणार ॲप कसं दिसतंय? तो काहीच बोलत नव्हता आणि सर्व्हर त्या गप्प बसण्याला 'ब्राउझर' समजत होता. आता ते काम मी समोर दिसणाऱ्या पानाकडे दिलं. त्यानं स्वतःला तपासायचं आणि प्रत्येक विनंतीला ती खूण जोडायची.

"झालं का वं?" गोजरबाईंनी विचारलं. "तुया सायबाले सांग, शंका असन तं इकडं येऊन पाहा."

सोमवारी मी सरांसमोर लॅपटॉप ठेवला. जानेफळ : बारा.

सरांनी आकड्यावर बोट टेकवलं. "म्हणजे चूक तुझीच होती."

"हो, माझीच. बायांची नव्हती," मी म्हटलं. "बंदच करायचं असेल तर आता दुसरं कारण शोधा. आणि ते मला नाही, जानेफळला जाऊन त्या बारा जणींना सांगा."