नासपतीची बाग आणि माझे आकडे

मी सुरुंग शोधणारा रोबो बोलतोय. चार चाकं, एक लांब नाक आणि डोक्यात नुसत्या शंका!

झाग्रेब शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या पोरी चिडवायच्या, "याला काही विचारा, सरळ उत्तर म्हणून देणार नाही!" खरंच आहे ते. जमिनीखालचं मला दिसत नाही. म्हणून मी जागेचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकात सुरुंग असण्याची शक्यता शंभरात किती, ते मनाशी मांडतो. नाकाला लोखंडाचा सुगावा लागला की आकडा चढतो, नाही लागला की उतरतो. माझं नाकही चुकतं, तेही मी धरून चालतो. मग जिथे गेल्यावर सगळ्यात जास्त कळेल, तिकडे आधी वळतो.

मला चालवणारी दुन्या मला लिका नावाच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात घेऊन आली. बाग झ्वोंको आजोबांची. लढाईपासून तीस वर्षं धोक्याची फीत लावून बंद.

"आत कोणी जातं का, आजोबा?" दुन्याने विचारलं.

"छे! कोण मरायला जातंय?"

आत शिरलो, तर नासपतीच्या फांद्यांना बाटल्या बांधलेल्या! इकडे वसंतात इवलं फळ बाटलीत सरकवतात, ते आतच वाढतं, मग वरून ब्रँडी ओततात. म्हणजे यंदाही कुणीतरी इथे ये-जा करून धडधाकट परतलं होतं. त्या वाटेवरचे माझे आकडे भराभर उतरले. पण शून्य काही झाले नाहीत, म्हणून मी हुंगत राहिलो.

चौथ्या झाडाखाली आकडा एकदम चढला. पुन्हा हुंगलं, नव्वद! दुन्याने पोटावर पडून हलक्या हाताने माती बाजूला केली. शिडी टेकल्याच्या खुणेपासून सुरुंग जेमतेम वीतभर लांब होता.

फितीबाहेरून आजोबा पुटपुटले, "शिडी माझीच."

त्यांची बायको नेव्हेन्का आजी कडाडली, "चर्चला चाललो म्हणायचास ना रे, लबाडा!"

"आण गं पोरी तुझा नकाशा," आजोबा दुन्याला म्हणाले. त्यावर त्यांनी आपल्या सगळ्या चोरवाटा काढून दिल्या, अगदी ओढ्यावर मासे धरायला जायचीसुद्धा.

"तिकडेही?" आजीने कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र फार आनंद झाला. त्या चार रेघांनी माझं महिन्याभराचं काम वाचलं.

आता निम्मी बाग मोकळी झालीये. आजी तिथे गवत कापते आणि मी समाधानात आहे. आजोबा रोज फितीपाशी येऊन विचारतात, "ओढ्याकडे आज किती रे?"

मी सांगतो, शंभरात दोन.

"दोनच ना? मग जाऊ दे की!"

नका जाऊ, आजोबा. दोन थोडे वाटतात खरे, पण तुमचे पायही दोनच आहेत.