आवाज राखून

जावयाने हेडफोन कानावरून काढला आणि मान हलवली. सासऱ्यांनी वाचलेल्या प्रत्येक वाक्यामागे कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत होता.

“परत वाचू?” सासऱ्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“नको बाबा, घसा जपा. चूक तुमची नाही, या डब्याची आहे.”

सासऱ्यांनी उभा जन्म भाजीच्या ठोक बाजारात लिलाव पुकारला होता. त्यांनी भाव पुकारला की पलीकडच्या गल्लीतला हमाल वळून बघे. आता त्याच घशात गाठ निघाली होती आणि पुढच्या आठवड्यात स्वरयंत्रच काढायचं होतं. त्याआधी त्यांनी पुरेशी वाक्यं वाचून दिली, तर कॉम्प्युटर त्यांच्यासारखा आवाज घडवणार होता. मग फोनवर ते जे लिहितील, ते त्या आवाजात ऐकू आलं असतं. कल्पना जावयाची. बायकोने ती ऐकल्याबरोबर त्याचा हात घट्ट धरला होता. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

तो लग्नाचे व्हिडिओ जुळवायचा. काम झटपट उरकावं म्हणून त्याने प्रोसेसरचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेच्या बराच वर चढवून तिथेच बांधून ठेवला होता. काम असो नसो, प्रोसेसर धावत राही, तापे, आणि पंखा बोंब ठोके.

“मग वेग कमी करा की,” सासरे म्हणाले.

“केला तर आवाज घडायला फार दिवस लागतील. बिघडलाय हे ऑपरेशननंतर कळलं, तर परत वाचून कोण देणार?”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. सासऱ्यांनी मात्र नुसता चष्मा पुसला.

त्याने सेटिंग उघडली. वरचा वेग होता तसाच ठेवला, पण काम नसताना वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली उतरतील अशी मुभा दिली. पंखा हळूहळू मंदावला. खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. सासरे खाकरले, वाचू लागले, आणि पान संपता संपता स्क्रीन गोठली. सगळं वाचलेलं पाण्यात गेलं.

“अहो, एवढा धावणारा गडी बसल्यावर कसा कोसळला?”

“बसल्यावर मी त्याला फारच उपाशी ठेवलं. व्होल्टेज कमी पडलं.”

“मग दोन घास वाढा त्याला!”

जावई हसला, आणि त्याने व्होल्टेज किंचित वाढवलं. मग दुपारभर दोघं माउसला हात न लावता स्क्रीनकडे बघत बसले, पाळण्यातलं मूल उठतंय की काय असे. या वेळी स्क्रीन गोठली नाही.

पुढे रोज सकाळी सासरे वाचत, आणि ते आडवे झाले की कॉम्प्युटर पूर्ण वेगाने कामाला लागे. पहिला आवाज नाकात बोलणारा निघाला. सासरे न कुरकुरता परत वाचायला बसले. दुसरा आवाज वाजला, तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोने हाक दिली, “काय हो बाबा?” बाबा तर तोंड मिटून बसले होते. ती दारात आली, दोघांकडे बघितलं, आणि पदराने डोळे टिपत परत गेली.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. पण घरी आल्यावर सासरे फोनला शिवेनात. सगळं खुणांवर चाललं होतं. बायको विचारायला गेली, तर जावयाने तिला डोळ्यांनीच थांबवलं.

एका दुपारी तो काम करत असताना सासरे दारात येऊन उभे राहिले. फोनवर एकेक अक्षर शोधत बराच वेळ लिहिलं, वाचलं, मान हलवून पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. जावई खुर्ची वळवून वाट बघत राहिला. तिसऱ्यांदा त्यांनी थोडंसंच लिहिलं.

“चहा टाकतोय,” फोन बोलला. जरासा खरखरीत, पण त्यांचाच आवाज. “तुला साखर किती?”

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासऱ्यांनी त्याला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं, आणि चहाचं भांडं कुठे असतं हे त्यांना ठाऊक असेल, असंही त्याला वाटलं नव्हतं.

“दोन चमचे,” असं तो म्हणायला गेला, पण शब्द काही फुटेना. शेवटी त्याने दोन बोटं वर केली.